ग्रीन रिव्हरवर गाईड न घेता कयाक: प्यायच्या पाण्याचं कसं करायचं?

टिळकवाडीकर:
धाकटा भाऊ अमेरिकेत युटाला असतोय. सप्टेंबरात मी तिकडं जाणार, तेव्हा दोघांनी ग्रीन रिव्हरच्या लॅबिरिंथ कॅन्यनमधनं (नदीनं कोरलेली खोल घळ) कयाकनं, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद नावेनं, जायचं ठरवलोय. रुबी रँच ते मिनरल बॉटम, ७२ किलोमीटर, चार दिवस. हिडकलच्या धरणात वल्हवायची सवय हाय, पण वाळवंटातली नदी बघितलेली नाही. भाऊ म्हणतोय, संथ पाणी, काळजी कशाला? आई मात्र रोज विचारतीय, प्यायला काय नेणार? कोण जाऊन आलंय काय?

निपाणीकर:
आईंचा प्रश्न बरोबर हाय बघा. मी त्याच टप्प्यात जाऊन आलोय. माणशी दिवसाला ४ लिटर धरा. दोघांचं चार दिवसांचं ३२ लिटर, म्हणजे एकेका कयाकमध्ये १६ किलो नुसतं पाणी. वर एक दिवसाचं जास्तीचं घ्या. कॅन वेगवेगळे ठेवा, एक फुटला तर सगळं जायला नको.

नदीचं पाणी तांबडं, गाळानं भरलेलं. थेट फिल्टर लावलासा की तो तुंबतोय. बादलीत तुरटी फिरवून ठेवा, गाळ बसला की वरचं पाणी काढून मग फिल्टर करा. होय, आपल्या आज्या रांजणात फिरवायच्या तीच तुरटी. तिकडचे नदीवाले पण वापरतात.

"संथ" म्हणून भावाला वाटतंय सोपं. दुपारी वारा समोरनं सुटला की वल्हं मारूनही नाव जागची हलत नाही. उजाडताना निघा, दुपारच्या आत दिवसाचं अंतर उरका.

महिना चांगला निवडलासा. ही नदी आपल्यासारखी पावसाळ्यात चढत नाही. वायोमिंगच्या डोंगरातला बर्फ वितळतोय तेव्हा, मेअखेर-जूनला चढतीय. तेव्हा मुक्कामाचे वाळूचे पट्टे बुडतात, वर डास. सप्टेंबरात पट्टे उघडे असतात. फक्त ओढ्याच्या तोंडाशी तंबू ठोकू नका, लांब कुठं पाऊस झाला तरी लोंढा येतोय.

खानापूरची माई:
विचारायला लाजू नये म्हणून मीच विचारते, शौचाचं काय? आणि फोन लागतो का ओ?

निपाणीकर:
माई, शौचाचा झाकणबंद डबा सक्तीचा, सगळं परत आणायचं. लघवी मात्र थेट नदीत. आपल्याला ऐकायला कसंतरीच वाटतंय, पण पाऊस नसलेल्या वाळूत वास तसाच राहतोय. शेकोटीला लोखंडी परात लागते, राखही घेऊन यायची. लॅबिरिंथचा परवाना फुकट, पण जवळ पाहिजे.

फोन विसरा. सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरनं निरोप पाठवायचं यंत्र) घ्या, पण तिथंच भाड्यानं. इथनं नेऊ-आणू नका, भारतात परवान्याशिवाय बाळगलं तर विमानतळावर अडकाल.

टिळकवाडीकर:
धन्यवाद ओ. भाऊ आता म्हणतोय, मिनरल बॉटमला न थांबता कोलोरॅडो नदीच्या संगमापर्यंत जाऊया.

निपाणीकर:
पहिल्या खेपेला नको. ते आणखी ८० किलोमीटरच्या वर, तिथं नॅशनल पार्कचा वेगळा परवाना, पैसे भरून. संगमाला गाडीरस्ता नाही, मोआब गावाला परतायला जेट बोट आधी ठरवावी लागते. आणि संगमाच्या खाली थोड्याच अंतरावर कॅटरॅक्ट कॅन्यनचे मोठे खळाळ, तिथं तुमची कयाक चालायची नाही. त्यापेक्षा एक दिवस वाढवून तुमच्याच टप्प्यातल्या बोनॉट बेंड या वळणाला थांबा. नदी ११ किलोमीटरचा फेरा मारून परत जवळच येतीय, मधल्या खिंडीत चढलासा की दोन्हीकडं पाणी दिसतंय. तेवढं ८ लिटर मात्र वाढवा.