भरताची वांगी घरचीच, तरी भरीत पाणचट का होतं?

बांधावरचा_मळा (यावल)
बांधालगत भरताच्या हिरव्या वांग्यांची १५ झाडं आहेत. फळ पाव ते अर्धा किलोचं भरतं. भरीत केलं की तासाभरात कडेनं पाणी सुटतं, आणि मागच्या दोन खेपांना कडवटही लागलं. गॅसवर भाजून मिक्सरचा एक फेरा देतो. चंपाषष्ठीला २० माणसं जेवायला आहेत. वांगी किती लागतील, आणि चुकतंय कुठं?

पऱ्हाटीचा_जाळ
भाऊ, आधी मिक्सर बंद करा. पात्यानं बी फुटतं, कडवटपणा तिथूनच येतो, आणि गराचा लगदा होऊन पाणी सुटतं. भरीत ठेचायचं असतं, लाकडी काठवटीत लाकडी मुसळानं. गराचे रेषे दिसले पाहिजेत.

दुसरं म्हणजे फळाचं वय. अंगठ्यानं दाबा: खड्डा लगेच भरून आला तर फळ तोडा, तसाच राहिला तर बी धरलंय. साल चकाकते तोवरच ते भरताचं. चकाकी उतरून पिवळसर झाक आली की उशीर झाला. थंडीत दर तीन-चार दिवसांनी तोडणी करा, आणि पाण्याला ताण पडू देऊ नका. ताणावरचं वांगं कडू निघतं.

२० जणांना ७ ते ८ किलो धरा. देठ-साल-पाणी जाऊन किलोमागं पाऊण किलोच्या आतच गर हाती लागतो.

भाजायला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या (झाडाच्या काटक्या) घ्या. ओल्या नकोत, धुराचा कडवटपणा गरात उतरतो. भाजण्याआधी सुरीनं चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर जाळात फुटतं. टोचताना बारीक भोक दिसलं तर ते फळ चिरून बघा, आत अळी असते. देठ धरून फिरवत राहा. साल सगळीकडून काळी होऊन देठाजवळचा भागही बोटानं दबला पाहिजे. तिथंच कच्चं राहतं आणि नंतर गर काळा पडतो.

काठवट_मुसळ
वरचं सगळं बरोबर. पाण्याबद्दल एवढंच: भाजलेली वांगी झाकून ठेवू नका, वाफ आतच पाण्याची होते. तिरप्या परातीत १५-२० मिनिटं उघडी ठेवा, मग सोला. सोलताना नळाखाली धरायचं नाही, हात बुडवायला वाटीत पाणी ठेवा. परातीत जमलेलं पाणी काही जण फेकतात. माझ्या मते चाखून बघावं, कडू नसेल तर ठेचताना चमचा-दोन चमचे परत घालावं, भाजल्याची चव त्यातच असते.

फोडणी, एक किलो वांग्यांना: तेल पाऊण वाटी, हिरव्या मिरच्या ८-१०, लसूण १५ पाकळ्या, शेंगदाणे मूठभर, सुक्या खोबऱ्याचे काप थोडे. मिरच्या-लसूण तेलात परतून त्या काठवटीतच गराबरोबर ठेचा. उरलेल्या तेलात दाणे-खोबरं लालसर होऊ द्या, मग ठेचलेलं भरीत टाका. कांद्याची पात अगदी शेवटी, बारीक चिरून, गॅस बंद केल्यावर. मीठही तेव्हाच. आधी घातलं की पाणी सुटतं, तुमचं बहुतेक तिथंही चुकत असावं. टोमॅटो नको.

बांधावरचा_मळा (यावल)
मीठ खरंच भाजून झाल्याबरोबर टाकत होतो! सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी करायची आहे, ती थापताना तुटते.

पऱ्हाटीचा_जाळ
उडीद कमी पडत असतील. ज्वारी ३ माप, सालासकट अख्खे उडीद १ माप, मीठ दळतानाच घाला. पीठ किंचित भरड ठेवा. उडदाच्या चिकटपणामुळं उकळत्या पाण्याची गरज नसते, कोमट पुरतं. एका वेळी दोन-तीन भाकरींचंच पीठ मळा, पडून राहिलं की सैल होतं. थापताना परातीत कोरडं पीठ भुरभुरवा, आणि तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवा.

काठवट_मुसळ
आणि बियाण्याला दोन चांगली फळं झाडावरच पिवळी होऊ द्या. शेजारी जांभळी वांगी लावली असतील तर त्या बाजूच्या झाडांचं बी धरू नका, मधमाश्या-भुंग्यांमुळं परागीभवन मिसळतं आणि पुढच्या वर्षी भलतीच फळं येतात.