मदत हवी आहे : डावीकडे लक्ष वळवण्याचे व्यायाम

मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झाल्यापासून माझे वडील, डोळ्यांची तपासणी निर्दोष असूनही, ताटातील भाजी संपवतात आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच ठेवतात. ताट फिरवून दिले की मात्र तीच आवडीने खातात. बिसियाक आणि लुत्साती या इटालियन संशोधकांनी १९७८ मध्ये नोंदवले होते की, मिलानचा कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगताना अशा रुग्णांनी डावीकडच्या इमारती गाळल्या, आणि चौकाच्या समोरच्या टोकाला उभे असल्याची कल्पना करताच, आता उजवीकडे आलेल्या नेमक्या त्याच इमारती सांगितल्या. त्यामुळे अडचण दृष्टीची नसून लक्षाची आहे, हे मला पटले आहे. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून वाचन करून घेण्याचा किंवा प्रिझमच्या (समोरचे दृश्य एका बाजूला सरकवणाऱ्या भिंगांच्या) चष्म्याचा कोणाला अनुभव असल्यास, तो सराव रोज किती वेळ करावा आणि त्याचा उपयोग चालताना, जेवतानाही होतो का, हे कृपया सविस्तर कळवावे.