मदत हवी आहे : राम नदीच्या पाण्याची नियमित तपासणी कशी सुरू करावी?

सुतारवाडीकर

नमस्कार मंडळी. पाषाण-सुतारवाडी भागातले आम्ही सहा-सात जण राम नदीवर महिन्यातून दोनदा पाणी तपासायचं म्हणतोय. दर वेळी प्रयोगशाळेला पैसे देणं झेपणार नाही. जागा कुठल्या निवडाव्यात, काय काय मोजावं, आणि आमच्या आकड्यांवर महापालिका किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ विश्वास ठेवेल असं काय करावं? सध्या हाताशी पेनासारखा टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार दाखवणारा) आणि पीएचच्या (आम्लता मोजायच्या) पट्ट्या आहेत.

पाणवाट

आधी जागा ठरवा, खरेदी मागाहून. तीन-चार पुरेत: भूगावच्या बाजूला वर एक, पाषाण तलावात पाणी शिरण्याआधी एक, तलावाखाली एक, आणि मुळेला मिळण्याआधी एक. एखादा नाला मिळत असेल तर त्याच्या वर एक नमुना घ्या आणि खाली, दोन्ही पाणी नीट मिसळल्यावर, दुसरा. अगदी तोंडाशी घेतलात तर एका काठाला सांडपाणी आणि दुसऱ्या काठाला नदी, असा आकडा येतो. तो कुणाचाच नसतो.

टीडीएस मीटर ईसीवर, म्हणजे विद्युतवाहकतेवर, लावून वापरा. पीपीएमचा आकडा ईसीला ०.५ ते ०.७ च्या कुठल्या तरी गुणकाने गुणून येतो, आणि दोन कंपन्यांचे गुणक जुळतीलच असं नाही. दर खेपेला १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात तपासून घ्या. उन्हाळ्यात पाणी आटलं की ईसी तसाही चढतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून प्रदूषण ठरवू नका. वरच्या आणि खालच्या जागेतला फरक बघा.

पीएचच्या पट्ट्यांनी अर्ध्या एककाचाही फरक धड कळत नाही. मीटर घेतलात तर ७ आणि १० च्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) जुळवा आणि त्याचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवल्याने ते खराब होतं.

नितळ

एकच गोष्ट मोजायची झाली तर विरघळलेला ऑक्सिजन मोजा. स्वस्तातल्या प्रोबपेक्षा रसायनं घालून मोजायची विंकलर पद्धत खात्रीची. ३०० मिलीची बीओडी बाटली (याच कामाची, घट्ट बुचाची काचेची) पाण्याखाली तिरकी धरून भरा, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. बादलीतून ओतलेलं पाणी हवा पिऊन येतं, ते वापरू नका. लगेच २ मिली मँगनस सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड पृष्ठभागाखाली सोडा, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही, आणि त्या जागेचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. अझाइड वगळू नका, सांडपाण्यातल्या नायट्राइटमुळे आकडा खोटा वाढतो.

पुढे २ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवा. त्यातलं २०३ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे ते थेंबथेंब घालत किती लागतं ते मोजा. रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. निळा रंग गेला की जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. थायोसल्फेट जुनं झालं की कमजोर पडतं, म्हणून अधूनमधून प्रमाणित करून घ्या.

वेळ मात्र बदलू नका. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी १० च्या वर ऑक्सिजन दिसेल आणि तीच जागा पहाटे २ च्या खाली असेल. पुण्याच्या उंचीवर २५ अंशाला संपृक्त (हवेतून मावेल तेवढा ऑक्सिजन घेतलेल्या) पाण्यात साधारण ७.७ असतो, त्याहून बराच जास्त आकडा आला तर आनंद मानू नका. सकाळी ७ च्या सुमारास मोजणं उत्तम. मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्याला किमान ५ आणि मासे जगण्यासाठी किमान ४ लागतो.

सुतारवाडीकर

फार उपयोगी माहिती, धन्यवाद! पण गटात शाळकरी मुलंही आहेत. आम्लाचं काम त्यांना कसं देणार?

नितळ

देऊच नका. काठावर पहिली दोन रसायनं मोठ्यांनी घालायची, बाटली अंधारात ठेवून आणायची, आणि आम्ल व टायट्रेशन घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी करायचं. साका बसवलेली बाटली काही तास टिकते.

काठावरून

मुलांना किडे द्या! मीटर त्या क्षणाचं सांगतो, किडे मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळी वाहून गेलेलं असतं, पण दगडाखालच्या अळ्या मेल्या असल्या तर ते लपत नाही.

पाणी खळखळतं अशी उथळ जागा निवडा. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीचं चौकटीचं जाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा आणि वरच्या बाजूचे दगड तीन मिनिटं पायाने घुसळा. सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओता, ओळखा, मोजा, फोटो काढा, परत सोडा. पोटाच्या कडेला कल्ले हलत असलेल्या, बहुधा तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या आणि वाळूच्या नळीत राहणारी कॅडिसफ्लाय दिसली तर पाणी बरं. नुसत्या लाल अळ्या, ट्युबिफेक्स (चिखलातले बारीक लाल किडे) आणि उंदरासारख्या एकाच लांब शेपटीच्या अळ्या म्हणजे सांडपाणी. तीन शेपट्यांतल्याही काही जाती बऱ्यापैकी घाण सोसतात, म्हणून एकाच किड्यावर निकाल देऊ नका. मोठ्या पुरानंतर दोन-तीन आठवडे थांबा, सगळं वाहून गेलेलं असतं. काँक्रीटचा तळ असलेल्या पट्ट्याची तुलना दगडी पट्ट्याशी करू नका.

गमबूट आणि नायट्राइल हातमोजे सक्तीचे. हातापायाला जखम असलेल्याने काठावर नोंदी घ्याव्यात, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. पावसाळ्यात वर ढग दिसले तर पात्रात उतरायचंच नाही.

पाणवाट

विश्वासाचं राहिलं होतं. प्रत्येक नोंदीत वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, पाण्याचं तापमान, आदल्या २४ तासांतला पाऊस, मीटर शेवटचा कधी जुळवला, आणि एकाच कोनातून काढलेला फोटो. दहातला एक नमुना दोनदा तपासा आणि दोन्ही आकडे लिहा, जुळले नाहीत तरी. वर्षातून दोनेकदा तोच नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतही द्या. बीओडीचा (घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या मोजणीचा) नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कोर्टात चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. म्हणून अर्जात "पाणी प्रदूषित आहे" एवढंच लिहून थांबू नका. "या नाल्याच्या तोंडाखाली, सकाळी ६ ते ८ मध्ये, सलग चार नोंदींत ऑक्सिजन १ च्या खाली, वरच्या जागेवर ५" असं लिहा आणि त्याच वेळेला नमुना घ्यायला या, अशी मागणी करा. सोबत नोंदींचा तक्ता जोडा आणि पोच घ्या.