मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीच्या नळीतला गंज

पाटण भागातली, परवान्याची, टोपीवर (ठिणगी देणारी छोटी कॅप) उडणारी, तोंडातून दारू ठासून भरायची ठासणीची बंदूक आहे. काळ्या दारूची काजळी आतच राहिली, ती हवेतला ओलावा ओढते, आणि आमच्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे. बार भरलेला नाही हे आधी गज आत घालून, मग तोच बाहेरून नळीला लावून तपासलंय.

निपल (टोपी बसते ती भोकाची नळकांडी) काढून साबणाचं कढत पाणी, रात्रभर रॉकेल, मग पितळी ब्रश, एवढं झालं. चिंधी आता जवळपास स्वच्छ येते. पण बुडाकडची चार बोटं खरखरीत लागतात, चिंधी तिथंच अडकून धागे सोडते. हा उरलेला गंज, की खड्डे?

ॲसिड नको, ते चांगलं लोखंडही खातं. त्यापेक्षा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज लावावी म्हणतोय: लिटरला चमचाभर सोडा, 12 व्होल्ट, नळी ऋण टोकाला, मधली साधी लोखंडी सळई धन टोकाला. स्टेनलेस सळई अजिबात नको, पाणी विषारी होतं. सळई नळीला टेकली की शॉर्ट, म्हणून रबरी वायसर लावणार. पण तळाशी ती मधोमध कशी ठेवता? निपलचं भोक कशानं बुजवता?

खड्डे खोल निघाले तर बंदूक उडवायचीच नाही. बुडाचा स्क्रू खोलून देणारा परवानाधारक कारागीर सातारा-कराडकडे आहे का?