बडबड नसली तरी डेलिरियम असू शकतो

‘रुग्ण बडबडत वा धडपडत नसेल तर त्याला डेलिरियम (आजारपणात अचानक येणारी भ्रमित अवस्था) म्हणू नये’, असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत निदानाचा गाभा लक्ष आणि परिसराचे भान यांतील बिघाड हा आहे. तो काही तासांत वा दिवसांत उद्भवलेला आणि दिवसभरात कमीजास्त होणारा असावा, शिवाय आकलनातही बिघाड असावा आणि त्यामागे शारीरिक आजार, औषध किंवा नशेचा पदार्थ असल्याचा पुरावा हवा. खळबळीची अट त्यात नाही, उलट सुस्त प्रकाराची स्वतंत्र नोंद करता येते. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आधीच्या रोग-वर्गीकरणातले संशोधनासाठीचे निकष अधिक कडक आहेत. ते हालचालींतील व झोपेतील बिघाडही मागतात, त्यामुळे एकच रुग्ण एका यादीत बसतो आणि दुसरीत राहून जातो.

नागपूरच्या मे महिन्यात ऊन लागून, रक्तातले सोडियम घसरून गप्प पडून राहिलेल्या आजींना, लक्ष टिकते का हे पाहण्यासाठी, आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगावे: शनिवार, शुक्रवार इथवर त्या नीट येतात आणि मग सोमवार, मंगळवार असे सरळच सुरू होतात. घरचे म्हणतात, ‘थकल्या आहेत.’ कालपर्यंत त्या हे बिनचूक सांगत होत्या का, एवढे मात्र घरच्यांनाच विचारावे लागते, कारण ते केसपेपरवर क्वचितच सापडते.