मदत हवी आहे: कासवांच्या किनाऱ्यावर होमस्टे, नवीन खोल्या काढाव्यात की आहे त्या घरातच?

डोंबिवलीकरीण:
मंडळी, दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधीच शनिवार-रविवार गाडी वळवायला जागा नसते. दादा-वहिनी तिथेच असतात, नारळ-पोफळीची वाडी आणि थोडी आंब्याची कलमं. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वनखात्याची हॅचरी आहे (अंडी आणून जाळीच्या कुंपणात वाळूत पुरून राखतात ती जागा), आणि वेळास-आंजर्ल्याला जागा मिळाली नाही की लोक फोन करत करत आमच्यापर्यंत येतात. गेल्या सीझनला वहिनीने काही कुटुंबांना ओटीवर गाद्या घालून ठेवून घेतलं, पैसे बरे मिळाले, आणि तेव्हापासून दादाच्या डोक्यात आलंय की वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला, सुरूच्या बनाच्या अलीकडे, चार एसी खोल्या काढायच्या. वहिनी म्हणते घरातल्याच दोन खोल्या नीट करा, संडास-बाथरूम चांगली बांधा, बास झालं.

पैसे माझ्याकडे मागितलेत. द्यायला ना नाही, पण कशात घालायचे तेच कळत नाहीये.

माझी पहिली धाकधूक उजेडाची आहे. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, रात्री समुद्राकडची बाजू जास्त उजळ असते म्हणून ती पाण्याकडे वळतात, मग मागे चार खोल्यांचे लाईट आणि गेटवर हॅलोजन लागला तर ती उलटी वाडीत शिरणार ना? दादा म्हणतो अंडी तर हॅचरीत नेतात, तुला काय पडलंय. पण प्रत्येक घरटं माणसांना सापडतंच असं नाही, आणि मादी जी वर येते ती रात्रीच येते, उजेड-वर्दळ दिसली तर अंडी न घालताच परत जाते असं आमच्याकडचे कासवमित्रच (घरटी राखणारी गावातली मंडळी) सांगतात.

दुसरं म्हणजे हिशोब. अंडी साधारण डिसेंबर ते मार्च, तिथून 45 ते 55 दिवसांनी पिल्लं, म्हणजे गर्दी फेब्रुवारी ते एप्रिल, त्यातही फक्त शनिवार-रविवारची. बाकीचं वर्ष त्या एसींना खारा वारा खाणार. आणि विहीर एकच, एप्रिल सरता सरता पाणी तळाला जातं आणि मचूळ लागतं, वाडीचं शिंपणं त्यावरच आहे, त्यात आठ-दहा पाहुणे दिवसातून दोनदा शॉवर घ्यायला लागले तर पोफळी वाळतील. कचऱ्याची गाडी गावात येत नाही हे तर सोडाच.

कोणी असा होमस्टे चालवतं का? परवानगी कसली लागते? आणि दादाला न दुखवता हे समजवायचं कसं, तो मोठा आहे, मी बोलले की "तू शहरात बसून सांगू नको" हे ठरलेलं उत्तर.

वाडीवाला:
ताई, खोल्यांचा विषय कागदावरच संपेल बहुतेक. आपल्याकडच्या बहुतेक गावांत भरतीच्या रेषेपासून 200 मीटरच्या आत नवीन बांधकाम म्हणजे सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या सरकारी नियमांची भानगड, ठेकेदार म्हणेल "सगळे करतात", नोटीस मात्र तुमच्या दादाच्या नावाने येईल. पण 2019 च्या अधिसूचनेत स्थानिक लोकांना आहे त्या घरात होमस्टे चालवायची मुभा आहे, जोत्याचं क्षेत्र आणि घराचा दर्शनी भाग बदलायचा नाही इतकंच. म्हणजे वहिनी म्हणतायत तेच. होमस्टे म्हणून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. सातबारा आणि नकाशा घेऊन आधी तालुक्याला चौकशी करा, मग पैसे काढा.

काजूगर:
दादांना एकदा वेळासला घेऊन जा, बाकी काही बोलू नका. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन काम केलं, त्याआधी अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री पळवत. पाहुणे आजही लोकांच्या राहत्या घरात उतरतात, पंखा, सतरंजी, पानात गरम मोदक, आम्ही गेलो तेव्हा एसी कुणी विचारला नाही. सकाळी सातच्या सुमारास कासवमित्र जाळीच्या आत घरट्यावरची टोपली उचलतो आणि सगळे श्वास रोखून वाळूकडे बघत असतात. पिल्लं असली तर दोरीच्या पलीकडे पाण्यापासून थोडी लांब सोडतात, ती आपली आपण चालत जातात, लाट परत वर फेकते, पुन्हा चालतात. नसली तर टोपली परत पालथी, चला घरी चहाला.

यावरून एक सांगते, बुकिंग घेतानाच फोनवर स्पष्ट सांगा की पिल्लं दिसतील याची गॅरंटी नाही. नाहीतर लोक यजमानावर चिडतात, जणू तुम्हीच लपवून ठेवलीत. पिल्लं नसतील त्या दिवशी वाडी दाखवा, खाडीकडे न्या, नारळ सोलायला बसवा, मुलं खूष होतात.

पाटलांचा_बाब्या:
सगळे वहिनींच्या बाजूने बोलताय म्हणून दादांच्या बाजूने लिहितो. आंब्याचा भरवसा राहिला नाही, माकडं नारळ ठेवत नाहीत, पोरगा मुंबईला दहा-बारा हजारावर राबतो आणि त्याला गावात थांबवायचं तर काहीतरी उभं करावं लागेल की नाही? कासवांसाठी अंधारात बसा म्हणणं सोपं आहे. घरातल्याच एका खोलीला एसी लावू द्या, वयस्कर पाहुणे मागतात, त्याने कासवाचं काही बिघडत नाही.

डोंबिवलीकरीण:
बाब्या, पटलं. भाचा खरंच बोईसरला आहे आणि दादाचं निम्मं दुखणं तेच आहे, धाग्यात लिहायचं राहिलं. रस्त्याकडच्या खोलीत एसी आणि भाच्याच्या नावावर नोंदणी असं सुचवून बघते. वाडीवाला, 200 मीटरचं दादाला सांगितलं तर फोनवर बराच वेळ गप्पच होता, मग म्हणाला "चौकशी करतो", त्याच्या भाषेत हे बरंच झालं! आता संडास कुठे आणि कसा बांधायचा तेवढं सांगा कोणीतरी. गवंडी म्हणतो विहिरीमागे जागा मोकळी आहे.

वाडीवाला:
विहिरीमागे अजिबात नको!! आपल्या जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, शोषखड्डा विहिरीपासून जेवढा लांब आणि उताराच्या अंगाला होईल तेवढा करा, आणि आधी सेप्टिक टाकी मग शोषखड्डा, नुसता खड्डा नको. बाथरूमचं पाणी वेगळं काढून पोफळीला सोडा, साबण जरा जपून. शॉवर बसवूच नका, बादली-तांब्या ठेवा, पाणी निम्म्यावर येतं. लाईट पिवळे आणि कमी वॉटचे, तोंड जमिनीकडे, समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांना जाड पडदे, आणि मोबाईलचा फ्लॅश किनाऱ्यावर बंद ही अट ओटीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. प्लॅस्टिकची बाटली जो आणेल त्याने परत न्यायची. टँकर आमच्याकडे मागेल तेव्हा मिळत नाही, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते वहिनींना विचारा आणि मगच मे महिन्याचं बुकिंग घ्या.