गाडीवर मॅप बघितला तरी चलान? सिग्नलला उभा होतो भो

पाचोऱ्याचा_पक्या:
मागच्या गुरुवारी जळगावला आलो होतो, मामांना दवाखान्यात अ‍ॅडमिट केलंय ते बघायला. दवाखाना नवीन, रस्ता माहीत नाही, म्हणून मॅप लावला. हायवेच्या सिग्नलला लाल दिवा लागला, मी डाव्या हातात मोबाईल धरून पुढचं वळण कुठंय ते बघत होतो. कोणी अडवलं नाही, शिटी वाजवली नाही, काही नाही. संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसलो तर मेसेज, १००० रुपये ई-चलान. उघडून बघितलं तर फोटोत मीच, मान खाली घालून. आता मला सांगा मी कोणाशी बोलत नव्हतो, गाडी उभी होती, आणि मॅपला तर परवानगी आहे ना? भरू का तक्रार टाकू?

कोर्टकचेरी_१९:
पक्याभाऊ, मॅपला परवानगी आहे हे अर्धंच खरं आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमात बसवलंय की हातातलं यंत्र फक्त रस्ता शोधायला वापरता येईल, पण अशा रीतीने की चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही. दंड लागतो तो कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम. २०१९ च्या दुरुस्तीत त्यात हातात धरायच्या फोनचा वापर स्पष्ट घातला, बोलणं असं लिहिलेलं नाही, वापर लिहिलाय. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप बघणारा आणि मॅप बघणारा फोटोत सारखेच दिसतात. मूळ कायद्यात पहिल्या वेळी १००० ते ५००० दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून जागेवर भरायचे दर ठरलेत, दुचाकी १०००, कार २०००, मोठी गाडी ४०००, आणि ३ वर्षांत परत सापडला तर सरळ १० हजार. उभा होतो म्हणतोस पण इंजिन चालू, तू सीटवर, रस्ता सार्वजनिक. तक्रार टाकता येते, पण फोटोत मोबाईल हातात आहे, मी तर भरून मोकळा झालो असतो.

केळीवाला_रावेर:
४००० वाला मी आहे 😀 ट्रकवर असतो, सावद्याहून दिल्लीला केळी. गाडी भरली की व्यापाऱ्याचा फोन चालू, बऱ्हाणपूर ओलांडलं का, कुठे पोचला, माल गरम तर नाही ना. नाही उचलला तर शेठ म्हणतो ड्रायव्हर झोपला. आता तुम्हीच सांगा यात दंड कोणाला पाहिजे, फोन उचलणाऱ्याला का दर अर्ध्या तासाला लावणाऱ्याला. मी आता क्लीनरला फोन देऊन टाकलाय, त्याचा आवाज ऐकून व्यापारी पण कंटाळला.

अमळनेरचा_मास्तर:
केळीवाले भाऊंचं पटलं. पण पोरांनो एक हिशोब करा. ६० च्या स्पीडने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. मेसेज वाचायला ३ सेकंद म्हणजे ५० मीटर तुम्ही डोळे मिटूनच गेलात, आणि आपल्या रस्त्यावर त्या ५० मीटरात बैलगाडी, उसाचा ट्रॅक्टर, उलट्या बाजूने येणारा बुलेटवाला असं काहीही असू शकतं. आणि उन्हाळ्यात जो प्रकार चालतो, रुमाल तोंडाला घट्ट बांधायचा आणि मोबाईल कानाशी त्यातच खुपसायचा, दोन्ही हात मोकळे आहेत ना म्हणे! हात मोकळे असून काय करता, डोकं तर फोनमध्ये आहे. माझी आजी असती तर म्हणाली असती, कसाले बोलतस रे गाडीवर.

धुळेकर_बाई:
मास्तर, रुमालवाले निदान एकटे असतात हो, पुढे पोरगं उभं, मागे बायको आणि साहेब खांद्यात फोन दाबून मान वाकडी, असे रोज बघते मी. आणि ब्लूटूथ लावून तासतास बोलणारे, त्यांना वाटतं आपण कायद्यात बसतो. पकडलं नाही म्हणजे लक्ष रस्त्यावर होतं असं थोडीच आहे. तरी पक्याभाऊ तुमची दया येते, रस्ता विचारायला माणूस थांबवायचा ना, आपल्याकडे पत्ता विचारला तर चहा पण पाजतात.

कोर्टकचेरी_१९:
एक राहिलं. १००० भरले की संपलं असं धरू नका. गाडी चालवताना मोबाईल हे कारण लायसन्स निलंबनाच्या यादीत आहे, नियम २१ मध्ये. म्हणून दुसऱ्यांदा नकोच.

पाचोऱ्याचा_पक्या:
भरले बाबा. मामांनी ऐकलं तर ते दवाखान्याच्या कॉटवर हसायला लागले, टाके दुखतात तरी. आता हँडलला स्टँड लावतो म्हणतो, निघायच्या आधी पत्ता टाकून ठेवायचा आणि हात लावायचा नाही. कोणी लावलाय का, पारोळा रोडला टिकतो का?

केळीवाला_रावेर:
दोनशेवाला घेऊ नको. माझ्या भाच्याचा बांभोरीच्या पुलावर उडाला, स्टँड हँडललाच राहिला, मोबाईल गिरणेत.